मूल आयसीयूत, आई दाराबाहेर: आया नेहमी विचारतात ते प्रश्न

हे वाचणाऱ्या बऱ्याच जणी आत्ता हॉस्पिटलच्या जिन्यात नाहीतर वेटिंगच्या लोखंडी खुर्चीवर बसून, चार्जिंगचा पॉईंट शोधत वाचत असणार, म्हणून लांबड लावत नाही. मी डॉक्टर नाही. माझं बाळ एनआयसीयूत होतं आणि आता मी नवीन आयांशी बोलायला वॉर्डात जाते, त्या जे विचारतात ते इथे लिहिलंय. तुमच्या बाळाच्या औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं.

शब्द तेवढे आधी सांगते. जन्मापासून महिनाभरापर्यंतच्या बाळांचा तो एनआयसीयू, त्याहून मोठ्या मुलांचा पीआयसीयू, आणि जिल्हा रुग्णालयात बोर्डावर एसएनसीयू लिहिलेलं दिसेल, तो सरकारी नवजात बाळांचा कक्ष. आपल्याकडे सगळे सरसकट "बाळाला पेटीत ठेवलंय" म्हणतात, पण सगळी बाळं पेटीत नसतात, बरीचशी वरून उब देणाऱ्या उघड्या वॉर्मरवर असतात.

मला आत का सोडत नाहीत? आई म्हणून काही हक्क आहे की नाही?

आहे, आणि तो मागायला लाजू नका. अडवायची खरी कारणं तीन-चारच असतात. इन्फेक्शनची भीती, जागा कमी, शेजारच्या बाळाला नळी घालणं वगैरे काहीतरी चालू असणं, आणि शिफ्ट बदलायची वेळ. यातलं एकही कारण चोवीस तासांचं नाही. केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१७ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्यात की सरकारी नवजात कक्षात आई-वडिलांना आत घ्या, त्यांना शिकवा, बाळाची साधी काळजी त्यांच्याकडून करून घ्या. याला कुटुंबाच्या सहभागाने देखभाल म्हणतात, दिल्लीच्या राममनोहर लोहिया हॉस्पिटलात हे आधी करून बघितलं होतं. इंग्लंडमध्ये तर १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने सांगितलं होतं की आजारी मुलांना आईवडिलांना भेटायच्या वेळेची बंधनं नकोत आणि लहान मुलांच्या आयांना सोबत राहू द्या, त्याआधी तिकडे सुद्धा मुलांना आठवड्यातून थोडाच वेळ भेटू द्यायचे.

तरीही आपल्याकडे कित्येक ठिकाणी अजून "भेटायची वेळ सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास" हेच चालू आहे आणि त्यात आईला मामा-काकांच्या रांगेत उभं करतात. माझं स्पष्ट मत आहे की आई व्हिजिटर नाही. पण हे दारातल्या सिक्युरिटीशी भांडून होत नाही, त्या बिचाऱ्याच्या हातात काही नसतं. इन्चार्ज सिस्टरना गाठायचं आणि "मी दर तीन तासांनी दूध घेऊन येईन, तेव्हा आत येऊ का, डायपर बदलायला शिकवाल का?" असं विचारायचं. कामाचं बोललं की दार उघडतं, "मला माझं बाळ बघू द्या" म्हणून रडलं की पाणी देतात आणि बसवून ठेवतात, हे बरोबर नाही पण असंच आहे.

आत जाताना काय काय काळजी घ्यायची?

बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून ठेवायचं, हिरवा चुडा असला तरी. काचेच्या बांगडीखाली पाणी-साबण नीट पोचत नाही आणि काच फुटली तर बाळाला लागते. मंगळसूत्र काढायला कोणी सांगितलं आणि मन तयार होत नसेल तर निदान ब्लाऊजच्या आत घालून पिन लावा, नळ्यांमध्ये अडकता कामा नये. नखं कापलेली, नेलपेंट नाही, केस बांधलेले, बाह्या कोपराच्या वर. हात कोपरापर्यंत धुवायचे, बोटांच्या मधे, अंगठा, नखांची टोकं, घाई नाही. आणि सगळ्यात घाण वस्तू म्हणजे आपला मोबाईल, तो बाहेरच. फोटो काढायचाच असेल तर सिस्टरना विचारून, काढल्यावर परत हात धुवून. सर्दी-खोकला, ताप, जुलाब, अंगावर गळू असं काही असेल तर लपवू नका, लगेच सांगा, मास्क लावून आत घेतील किंवा एक-दोन दिवस थांबवतील.

आणि एक, डॉक्टर किंवा सिस्टर हात न धुता तुमच्या बाळाला हात लावायला आले तर म्हणायचं, "मॅडम, सॅनिटायझर घेता का?" राग येईल अशी भीती वाटते पण चांगल्या सिस्टरना उलट बरं वाटतं.

सासूबाईंनी अंगारा दिलाय, काळा दोरा बांधायचाय, काय करू?

पुडी तुमच्या पर्समध्ये ठेवा, नाहीतर बाळाच्या फाईलच्या कव्हरमध्ये ठेवू का विचारा, बहुतेक सिस्टर हो म्हणतात. बाळाच्या कपाळाला, बेंबीला, पेटीच्या आत काही नाही. मनगटाला दोरा नको कारण तिथेच सुई लागते आणि हात सुजला तर दोरा रुततो. काजळ नको. तोंडात मध, गुटी, गंगाजल, यातलं थेंबभर सुद्धा नको. मधामुळे तान्ह्या बाळांना बॉट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते, आणि नळीने दूध पिणाऱ्या बाळाच्या तोंडात काही घातलं तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं. दृष्ट काढायचीच असेल तर घरी बाळाच्या फोटोवरून काढा म्हणावं. खरंच, कित्येक आज्या यावर खूश होतात.

सोयर आहे, विटाळ आहे, सव्वा महिना बाहेर पडू नको म्हणतात, मग मी आत कशी जाऊ?

जायचं. रक्तस्राव चालू असताना आत जाण्याला वैद्यकीय दृष्ट्या काहीही आडकाठी नाही, पॅड वेळेवर बदला आणि हात धुवा, बस. पाचवीची पूजा, बारसं हे घरचे करतील किंवा पुढे ढकलतील, सटवाई थांबते. जन्माची नोंद मात्र २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, ती बहुधा हॉस्पिटलच करतं, नाव ठरलं नसेल तरी नोंद होते आणि नाव वर्षभरात फी न भरता घालता येतं. तोवर बाळाच्या पायातल्या पट्टीवर "बेबी ऑफ" आणि तुमचं नाव असणार. रोज एकदा ती पट्टी वाचून बघायची सवय लावा.

बाळाला हात लावायचीच भीती वाटते, एवढंसं आहे, नळ्या आहेत

सगळ्यांनाच वाटते. फार लवकर झालेल्या बाळाला कुरवाळलं, थोपटलं तर ते उलट दचकतं, त्याची कातडी आणि मेंदू अजून तेवढे तयार नसतात. त्याऐवजी एक हात डोक्यावर आणि एक हात जवळ घेतलेल्या पायांवर, असा नुसता ठेवायचा, न हलवता. पोटात जसं घट्ट गुंडाळलेलं होतं तसं त्याला वाटतं. मॉनिटरवर ठोके हळूहळू खाली येताना दिसतात तेव्हा कळतं की आपला हात काहीतरी करतोय. बोलायचं पण, हळू आवाजात. तुमचा आवाज त्याने पोटात ऐकलेला आहे, तो ओळखीचा आहे. अंगाई येत नसेल तर आज काय भाजी होती ते सांगा.

कांगारू म्हणजे काय, आणि मशीनपेक्षा ते चांगलं कसं असेल?

मशीनच्या ऐवजी नाही, मशीनच्या जोडीने. बाळाला फक्त डायपर आणि टोपी, तुमच्या छातीवर उभं, कातडीला कातडी, वरून कापड बांधायचं. १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं, म्हणजे गरिबाचा उपाय म्हणूनच. आधी सगळीकडे असं होतं की बाळ स्थिर झाल्यावर कांगारू द्यायचं. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच हॉस्पिटलांत एक मोठा अभ्यास केला, आपल्याकडचं हॉस्पिटल होतं दिल्लीचं सफदरजंग. एक किलो ते १.८ किलोच्या आतली बाळं घेतली. अर्ध्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीवर ठेवलं, त्यासाठी आईचा बेडच आयसीयूच्या आत टाकला, आणि उरलेल्यांना नेहमीसारखं आधी स्थिर होऊ दिलं. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू पहिल्या गटात साधारण २५ टक्क्यांनी कमी झाले. फरक इतका दिसला की अभ्यास ठरल्यापेक्षा आधीच थांबवला, कारण दुसऱ्या गटाला यापासून लांब ठेवणं योग्य राहिलं नाही. हे २०२१ मध्ये छापून आलं आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारसच बदलली.

मी हे एवढं सविस्तर लिहिलं कारण "आई आत आली की इन्फेक्शन होतं" असं कोणी ठामपणे सांगितलं तर तुमच्याकडे उत्तर पाहिजे. त्या अभ्यासात आई चोवीस तास आत होती आणि रक्तातलं इन्फेक्शन वाढलं नाही, कमीच झालं.

तुमच्या वॉर्डात आईचा बेड आत नसेल, बहुतेक ठिकाणी नसतोच, मग खुर्ची मागा. एका वेळी निदान तासभर तरी द्यायचं, दहा मिनिटांसाठी बाळाला काढघाल केली तर ते नुसतं दमतं. आधी लघवीला जाऊन यायचं, पाणी पिऊन घ्यायचं. सीझरचे टाके दुखत असतील तर मागे टेकून बसायचं. आणि बाळाच्या वडिलांची छाती पण चालते बरं का, केस असले तरी.

दूध येतच नाहीये, टेन्शनने आटलं असं सगळे म्हणतात

आटलं नाही, अजून उतरलंच नसेल. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, थेंब थेंब, पिवळसर, आणि पान्हा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी फुटतो, सीझर झालं असेल किंवा बाळ फार लवकर झालं असेल तर आणखी थोडा उशिरा. ते चमचाभर चीक सोन्याच्या भावाचं आहे, टाकू नका. बाळाला अजून दूध सुरू केलं नसलं तरी चीकाचे थेंब गालाच्या आतून लावतात, सिस्टरना विचारा.

बाळ ओढत नाही तोवर दूध हाताने किंवा पंपाने काढत राहायचं, दिवसातून आठ वेळा तरी, आणि त्यात एक वेळ रात्रीची हवीच, कारण दूध तयार करणारं हार्मोन रात्री जास्त असतं. बरोब्बर तीन-तीन तास नाही जमले तरी चालेल, एकूण आठ व्हायला पाहिजेत. आधी गरम पाण्याचा शेक, हलका मसाज, मग अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या थोडी मागे ठेवून छातीकडे दाबायचं आणि पुढे आणायचं, नुसतं बोंड पिळून काही येत नाही, फक्त दुखतं. पहिल्या दिवशी वाटीचा तळ सुद्धा भिजत नाही, ते नॉर्मल आहे. बाळाचा फोटो समोर ठेवून काढलं किंवा कांगारू दिल्यावर लगेच काढलं तर जास्त येतं, हे वॉर्डातली कुठलीही आई सांगेल.

वाटी किंवा बाटली उकळलेली, त्यावर तुमचं नाव, तारीख, वेळ. बाहेर साधारण २५ डिग्रीला चार तास टिकतं, पण हे विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्याला लागू नाही, तिथे काढलं की लगेच फ्रीज. वॉर्डच्या फ्रीजमध्ये बहुधा चोवीस तासांचा नियम असतो. घरून आणणार असाल तर बर्फ घातलेल्या डब्यात. दूध गॅसवर गरम करायचं नाही.

डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, मेथी, शतावरी, आवडत असेल तर खा, पोट भरतं आणि बरं वाटतं. पण दूध वाढतं ते काढल्याने.

दुसऱ्या बाईचं दूध देऊ म्हणतायत, चालेल का?

मिल्क बँकेतलं असेल तर बिनधास्त. दान करणाऱ्या आईची रक्ततपासणी करतात आणि दूध पाश्चराइज करतात. आशियातली पहिली मिल्क बँक आपल्या मुंबईतच आहे, सायनच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली. लवकर झालेल्या बाळाला पावडरच्या दुधापेक्षा हे बरं, आतड्याचा एक गंभीर आजार होतो त्याचा धोका कमी राहतो. शेजारच्या बेडवरच्या ताईचं कच्चं दूध मात्र आपापसात ठरवून द्यायचं नाही, कितीही जीव लावणारी असली तरी.

मॉनिटर सारखा वाजतो, माझा जीव जातो

बहुतेक वेळा पायाला गुंडाळलेला तो लाल दिव्याचा सेन्सर सरकलेला असतो. साधारण असं बघायचं: हिरवा आकडा बहुधा हृदयाचे ठोके, नवजात बाळाचे १२० ते १६० असणार, आपल्या दुप्पट, घाबरू नका. निळा बहुधा ऑक्सिजन. तो मोठ्या माणसासारखा १०० हवा असा हट्ट नको, खूप लवकर झालेल्या बाळाला ऑक्सिजन चालू असताना मुद्दाम ९० ते ९५ च्या मधे ठेवतात कारण जास्त ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्याला इजा होते. वाजलं की आधी बाळाकडे बघा, रंग कसा आहे, छाती वर-खाली होतेय का. बाळ गुलाबी आणि शांत असेल तर सिस्टर येऊन वायर नीट करतील. निळसर-पांढरं दिसलं तर लगेच हाक मारा, ओरडलं तरी चालेल.

दिवसभर आकडे बघत बसू नका. आम्ही काही जणी तर खुर्चीच अशी फिरवून घ्यायचो की स्क्रीन पाठीमागे जाईल.

व्हेंटिलेटरवर टाकलं म्हणजे संपलं ना? आणि लोक म्हणतात पैशासाठी ठेवतात

व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही, तो वेळ काढून देतो. न्यूमोनिया, डेंग्यूचा शॉक, सापविंचू, डोक्याला मार, यात शरीराला सावरायला काही दिवस लागतात, तेवढे दिवस श्वास घ्यायचं काम मशीन करतं. विंचवाचंच बघा, कोकणात एकेकाळी विंचू चावलेली कितीतरी पोरं जायची, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार दाखवून दिला आणि चित्र बदललं, तरी उशिरा आलेल्या एखाद्या मुलाला आजही मशीन लागतं आणि त्यातून मुलं हसतखेळत घरी जातात.

पैशाचा संशय येतो, आणि काही ठिकाणी तो उगाच येत नाही हे पण खरं. मनात ठेवून कुढण्यापेक्षा सरळ विचारा: मशीन किती टक्के ऑक्सिजन देतंय, काल किती होता, मूल स्वतः किती श्वास घेतंय, नळी काढायचा प्रयत्न कधी करणार? उत्तर वहीत लिहा. आकडे रोज बदलत असतील तर उपचार चालू आहेत. समाधान नाहीच झालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, तो तुमचा हक्क आहे. केसपेपरची कॉपी मागितली तर ७२ तासांत देण्याचा नियम आहे.

माझी मुलगी मोठी आहे, झोपेच्या औषधावर आहे, तिला मी आल्याचं कळतं का? तिचे हात पण बांधलेत

ऐकू येतंय असं धरूनच बोला, नंतर काही मुलं सांगतात की आई बोलत होती. कानाजवळ जाऊन आधी आपलं नाव, मग वेळ, मग काय चाललंय ते: "आई आहे गं, सकाळ झालीय, घशात नळी आहे म्हणून बोलता येत नाहीये, नळी निघाली की येईल." शेवटचं फार महत्त्वाचं, कारण नळी स्वरयंत्रातून जाते, मूल रडतं तरी आवाज येत नाही आणि ते भेदरतं. हात बांधतात ते नळी ओढून काढू नये म्हणून. तुम्ही जवळ बसून हात धरणार असाल तर तेवढा वेळ सोडतात कित्येकदा, विचारून बघा. तिच्यासमोर बिल, आजार, "काय होणार आता" यातलं काहीही बोलायचं नाही, नातेवाईकांनाही बजावून ठेवा.

घरून तिची चादर, एखादं धुतलेलं खेळणं, चष्मा असेल तर चष्मा आणा. शुद्धीवर आल्यावर मुलं कधीकधी वेड्यासारखं बोलतात, भिंतीवर किडे दिसतात, आईला ओळखत नाहीत. औषधांचा आणि आयसीयूच्या झोपमोडीचा परिणाम असतो, उतरतो, पण डॉक्टरांच्या कानावर घाला.

डॉक्टर दोन मिनिटं बोलून जातात, काही कळत नाही

राऊंडची वेळ विचारून ठेवा, त्या वेळी तिथेच राहा, जेवायला जाऊ नका. शंभर पानी वही घ्या. रोज तेच तीन प्रश्न: कालच्यापेक्षा बरं, वाईट की तसंच? आज काय नवीन करणार? आम्ही कशाची काळजी करायची? इंग्रजी शब्द आला की "मराठीत सांगा ना" म्हणायचं. घरातून एकच माणूस डॉक्टरांशी बोलेल असं ठरवा आणि तो एक म्हणजे तुम्हीच असायला हव्यात किंवा तुम्ही तिथे उभ्या तरी असाल, कारण आपल्याकडे एक जुनी खोड आहे, "बाळंतिणीला सांगू नका, दूध जाईल", मग सगळ्या जगाला माहीत आणि आईला शेवटी. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, जे असेल ते मला सांगायचं.

सही करण्याआधी कागद वाचा. घाईची वेळ असेल तर निदान "कशाची सही?" एवढं विचारा.

मी कुठे झोपू, कुठे आंघोळ करू, काय खाऊ?

याची उत्तरं डॉक्टर देत नाहीत, मावशी देतात. वॉर्डातल्या मावशींशी पहिल्याच दिवशी ओळख करा, गरम पाणी कुठे, कुठला बाथरूम बरा, रात्री कुठल्या कोपऱ्यात पंखा, सगळं त्यांना ठाऊक. काही हॉस्पिटलांत आयांसाठी वेगळी खोली असते पण ती कोणी आपणहून सांगत नाही, "मदर्स रूम आहे का" असं विचारावं लागतं. मुंबईत परळच्या केईएम, टाटा, वाडिया हॉस्पिटलांच्या पट्ट्यात बाहेरगावचे लोक फूटपाथवर झोपलेले दिसतात. तिथे जवळच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे, कॅन्सरच्या पेशंटसाठी दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. अशा ठिकाणी बहुतेकदा हॉस्पिटलच्या सोशल वर्करचं पत्र लागतं, म्हणून सोशल वर्करला पहिल्या दोन दिवसांत भेटाच.

एक ठाम सांगते. बाळंतपण होऊन सहा आठवडे झाले नसतील तर तुम्ही पण पेशंट आहात. तासाभरात पॅड भिजतंय, ताप, घाण वास, टाक्यातून पू, एका पोटरीला सूज आणि दुखणं, जोरात डोकं दुखून डोळ्यापुढे अंधारी, यातलं काहीही झालं की वॉर्डातून उठून थेट लेबर वॉर्ड गाठायचा. बीपी बाळंतपणानंतरही चढतं. बाळासाठी अंगावर काढणं हा शूरपणा नाही.

जेवण दोन वेळचं डब्याचं, आणि पर्समध्ये शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचा लाडू, केळं. फक्त चहा-बिस्किटावर राहून चक्कर येऊन पडलेल्या आया खूप बघितल्यात.

नवरा, सासू, पन्नास फोन

फोनसाठी एक नणंद किंवा भाऊ नेमा, तो ग्रुपवर रोज संध्याकाळी एकच मेसेज टाकेल. "कोणाची दृष्ट लागली", "तू नोकरी करत होतीस म्हणून", "ग्रहणात बाहेर गेलीस" असं बोलणारं माणूस प्रत्येक घरात एक असतं. त्याला भेटायचा पास देऊ नका, पास तुमच्या हातात ठेवा.

नवऱ्याचं काय होतं, तो मेडिकलच्या दुकानात, ब्लड बँकेत, पैशामागे पळतो आणि मूल त्याने नीट बघितलेलंच नसतं. त्याला एक वेळ ठरवून आत पाठवा आणि तेवढ्यात तुम्ही झोपा. घरी मोठं भावंडं असेल तर त्याला खरं सांगा, सोप्या शब्दात, रोज एकदा व्हिडिओ कॉल. "आई गावाला गेलीय" सांगितलं की ते समजतं आई सोडून गेली.

पैसे कुठून आणायचे?

आधी योजना, मग कर्ज, दागिने सगळ्यात शेवटी. सरकारी हॉस्पिटलात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाचे उपचार, तपासण्या, औषधं, रक्त मोफत आहे, आधी नवजातांसाठी होतं, नंतर एक वर्षापर्यंत वाढवलं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना पॅनेलवरच्या खाजगी हॉस्पिटलात पण चालते, तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल शोधा, हेल्पलाईन १५५३८८. बाळाचं नाव रेशनकार्डात नाही म्हणून परत फिरू नका, जन्माचा दाखला आणि तुमची कागदपत्रं घेऊन विचारा. जन्मतः हृदयाचा दोष वगैरे असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम.

आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं ते हे, की महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलांना, कितीही चकाचक दिसली तरी, १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायलाच लागतात, धर्मादाय संस्थांच्या कायद्याचं कलम ४१ एए. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन सोशल वर्करकडे जायचं, ॲडमिट होतानाच, बिल फुगल्यावर नाही. खाट नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसला तक्रार. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज पण उपचार चालू असतानाच करायचा असतो.

माझ्या नोकरीचं काय?

प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे, मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं पाहिजे. कायद्यात अशीही तरतूद आहे, बाळ अकाली झाल्यामुळे किंवा बाळंतपणामुळे तुम्हाला आजारपण आलं तर आणखी एक महिना पगारी रजा, डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. एचआरला ही तरतूद बहुधा आपणच दाखवावी लागते. राज्य सरकारी कर्मचारी असाल तर बालसंगोपन रजा बघा, ती १८० दिवसांची आहे. घरकाम, शेतमजुरी करणाऱ्या बायकांना यातलं काही नाही, त्या बाळ आयसीयूत ठेवून कामावर जातात, आणि मग वॉर्डात कोणीतरी म्हणतं "हिला काही पडलेली नाही." असं म्हणू नका आणि म्हणू देऊ नका.

मला रडूच येत नाही, बाळाकडे बघून काही वाटत नाही, मी वाईट आई आहे का?

नाही हो. धक्क्याने माणूस बधिर होतं. काही जणींना घरी गेल्यावर रडू फुटतं. पण दोन आठवडे झाले तरी झोप नाही, बाळ झोपलेलं असताना पण नाही, भूक नाही, स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतंय, तर हा आजार आहे आणि त्याला उपचार आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. वॉर्डच्या डॉक्टरांना सांगितलं तरी चालतं.

घरचे म्हणतात डामा घेऊन दुसरीकडे नेऊ

डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. पैसे संपले म्हणून नेत असाल तर सही करण्याआधी डॉक्टरांना तेच खरं कारण सांगा, सरकारी हॉस्पिटलला बेड आहे का ते फोन करून बघतात, रेफर म्हणून पाठवलं तर ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन, डॉक्टर, कागद सगळं सोबत जातं, १०८ ला पण बोलता येतं. रिक्षात घालून नेऊ नका.

डॉक्टर म्हणतायत आता काही करता येणार नाही

मग मागण्या बदला. मुलाला दुखणार नाही ना, त्यासाठी औषध चालू आहे ना, हे विचारा. जास्तीच्या सुया, तपासण्या थांबवता येतील का विचारा. मांडीवर घेऊ द्या म्हणा, नळ्यांसकट घेता येतं. बाप, आजी, भावंडं यांना आत आणू द्या म्हणा, अशा वेळी पासचा नियम बहुतेक सिस्टर बाजूला ठेवतात. पायाचा ठसा, केसांची बट, फोटो हवा असेल तर मागा, नको असेल तर नको.

बाळ गेल्यावरही दूध येतं, आणि याची कल्पना कोणीच दिलेली नसते. छाती दगडासारखी होते. थंड कापड ठेवा, आधार देणारी ब्रा घाला, दुखणं कमी होण्यापुरतं थोडं काढा, पूर्ण रिकामी करू नका, आणि दूध बंद व्हायच्या गोळीचं स्त्रीरोग डॉक्टरांना विचारा. कोणाकोणाला ते मिल्क बँकेला द्यावंसं वाटतं, तेही चालतं. बिलासाठी देह अडवून ठेवता येत नाही, तसं कोणी केलं तर पोलिसांना फोन करा.

सोडणार म्हणतायत, आता काय बघून घेऊ?

जायच्या आधी एक-दोन दिवस बाळाचं सगळं तुम्ही स्वतः करा, सिस्टर शेजारी असताना, औषध मोजणं सुद्धा. दोन किलोच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आत झालेलं बाळ असेल तर डोळ्याच्या पडद्याची आरओपी तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी, डिस्चार्ज झाला म्हणून ती चुकवायची नाही, उशीर झाला तर नजर जाऊ शकते. कानाची तपासणी, लसीकरणाचं कार्ड, पुढची तारीख, रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर, हे सगळं फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. कांगारू घरी पण चालू ठेवा. बारशाची गर्दी महिना-दोन महिने लांबवा.

पीआयसीयूतून आलेलं मोठं मूल काही आठवडे चिकटून राहील, रात्री किंचाळून उठेल, चड्डी ओली न करायची लागलेली सवय सुटेल, आवाज घोगरा येईल, चालताना दमेल. शाळेत अर्धा दिवस पाठवून सुरुवात करा आणि बाईंना सांगून ठेवा. महिन्याभरातही झोप सुधारली नाही किंवा आवाज तसाच राहिला तर फॉलोअपच्या तारखेची वाट न बघता दाखवायला न्या, जाताना डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत घ्या.